ग्रीक शोकात्मिका

इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्स ह्या नगरराज्यात परिणत झालेला पद्यबद्ध नाट्यप्रकार. संवाद, नृत्य आणि वृंदगान ह्यांची त्यात सांगड असे व डायोनायसस ह्या देवतेच्या वार्षिक उत्सवात, स्पर्धेच्या रूपाने, त्याचे प्रयोग होत. ‘ट्रॅगोइडिया’ ह्या मूळ संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘बोकडगीत’ असा होतो. बोकड हे स्पर्धेचे पारितोषिक होते, की उत्सवात बळी दिला जाणारा पशू, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मराठीत ‘शोकांतिका’ व ‘शोकात्मिका’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. ग्रीक नाटकांच्या बाबतीत त्यांतील दुसराच स्वीकारणे इष्ट ठरते. कारण अनेक ग्रीक शोकात्मिकांचा अंत शोकपर नाही. ईस्किलसचे ‘युमेनिडीझ’ हे नाटक मंगल मिरवणुकीने संपते, यूरिपिडीझच्या ‘आयॉन’मध्ये दुरावलेल्या माता-पुत्रांची भेट होते आणि त्याच्याच ‘टॉरिसमधील इफिजेनिया’मध्ये भाऊ-बहीण परमुलखातून सुखरूप निसटतात.

मानवी प्रयत्नांवर मात करणाऱ्या अटळ दैवाचे नाट्य, अशी ह्या प्रकाराची ख्याती आहे. ही समजूत बव्हंशी एका नाटकावर, म्हणजे सॉफोक्लीझच्या ‘ईडिपस राजा’वर, आणि त्या नाटकास आदर्श मानणाऱ्या ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’वर आधारलेली आहे. आज उपलब्ध असलेल्या बत्तीस शोकात्मिका एकत्र वाचल्या असता निराळे चित्र दिसते. त्यांत दैव आहे, शाप आहेत, देववाणीही आहे. परंतु नाटककाराचे लक्ष बहुधा दुसरीकडे असते. सर्वांना ठाऊक असलेली पुराणकथा घ्यावयाची, तिच्यातील एखादे भयंकर कृत्य पुन्हा नागरिकांसमोर मांडावयाचे आणि त्या कृत्याचा निवाडा पूर्वीच्या कवींनी केला तसाच आपणही करावा काय, हा प्रश्न उभा करावयाचा, ही ह्या नाटकांची खरी रीत होय.

उत्सव व प्रयोग : अथेन्सचा नगर-डायोनायसिया हा मुख्य उत्सव वसंतऋतूच्या आरंभी, साधारणतः मार्चअखेरीस होई. अर्ज करणाऱ्या कवींतून तिघांची निवड आर्कन हा अधिकारी करी. प्रत्येक कवी तीन शोकात्मिका व एक ‘सॅटर’ नाटक सादर करीत असे. वृंदाच्या तालमींचा व वेशभूषेचा खर्च एका धनिक नागरिकाने सोसावयाचा, अशी प्रथा होती. हा एक प्रकारचा करच होता, पण त्यात प्रतिष्ठाही होती. ईस्किलसच्या ‘पर्शियन्स’ (इ. स. पू. ४७२) ह्या नाटकाचा असा खर्च तरुण पेरिक्लीझने केला होता. बोलणारे नट प्रारंभी एक, नंतर दोन व अखेर तीन झाले. तेच मुखवटे बदलून सर्व भूमिका करीत. सर्व नट पुरुष असत. वृंदात आधी बारा व पुढे पंधरा जण होते. हत्या सामान्यतः प्रेक्षकांसमोर दाखवीत नसत. आतून किंकाळी ऐकू येई, दूत वृत्तांत सांगे, किंवा चाकांच्या फळीवरून प्रेते बाहेर आणली जात. अक्रॉपलिसच्या दक्षिण उतारावरील रंगभूमी त्या काळी बरीचशी लाकडी होती. तिचे आजचे दगडी अवशेष नंतरच्या काळातील आहेत.

नाटकांपूर्वी होणारे विधी रसिकांच्या दृष्टीने गौण वाटले, तरी ते विसरून चालत नाही. सेनापती देवतेस तर्पण करीत. अंकित नगरांकडून आलेली खंडणी रंगमंडलात मांडून दाखविली जाई. युद्धात मरण पावलेल्या नागरिकांच्या मुलांचे संगोपन राज्य करीत असे. ती वयात आली, की त्यांना चिलखते देऊन प्रेक्षकांसमोर संचलन करावयास लावीत. नगराच्या वैभवाचे हे प्रदर्शन संपले, की त्याच जागेवर पराभूतांचा, परक्यांचा व स्त्रियांचा आक्रोश सुरू होई. ह्या दोहोंचा संबंध संयोजकांना खटकत नव्हता, हे ह्या संस्कृतीचे एक लक्षणीय वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. मात्र त्यालाही मर्यादा होती. मिलेटस हे आयोनियन शहर इराण्यांनी इ. स. पू. ४९४ मध्ये उद्ध्वस्त केल्यावर फ्रिनिकस ह्या कवीने त्याच घटनेवर नाटक केले. प्रेक्षक रडले आणि अथेन्सने कवीला एक हजार द्राख्मा दंड करून त्या नाटकावर कायमची बंदी घातली, असे हीरॉडोटस सांगतो. स्वतःच्या जखमा थेट पाहणे नगराला सोसत नव्हते. ‘पर्शियन्स’ समकालीन घटनेवर असूनही खपले, ते शत्रूच्या राजधानीतील शोक दाखविते म्हणून. एरवी कवींनी पुराणकथेचाच आश्रय घेतला.

पुराणकथेचे स्वरूप : ग्रीकांना वेद वा बायबल ह्यांसारखा प्रमाणग्रंथ नव्हता. पुरोहित यज्ञविधी करीत. देवांच्या कथा कोणत्या रूपात सांगाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. होमर व हीसिअड ह्यांचा मान मोठा होता, पण त्यांनी सांगितलेल्या कथेत फेरफार करणे पाखंड ठरत नसे. कवी, मूर्तिकार व कलशचित्रकार ह्या सर्वांनी हे स्वातंत्र्य घेतले. बॉस्टन येथील ललित कला संग्रहालयात ‘डॉकिमेशिया चित्रकारा’चा म्हणून ओळखला जाणारा एक लाल आकृत्यांचा मद्यकुंभ आहे. त्याच्या एका बाजूस ॲगमेम्नॉनची व दुसऱ्या बाजूस ईजिस्थसची हत्या चितारली आहे. पहिल्या चित्रात जाळ्यासारख्या वस्त्रात गुरफटलेल्या राजावर तलवार उगारणारा ईजिस्थस आहे. राणी क्लायटम्नेस्ट्रा परशू घेऊन त्याच्या मागे आहे. ईस्किलसने हा क्रम उलटविला. त्याच्या नाटकात घाव राणीच घालते आणि तसे वृंदासमोर अभिमानाने सांगते. ईजिस्थस सगळे उरकल्यावर येतो. कुंभ नाटकापूर्वीचा की नंतरचा, हा वाद अद्याप संपलेला नाही. एकाच पिढीत, एकाच नगरात दोन्ही रूपे नांदत होती, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते.

भारतीय वाचकास ह्या संदर्भात भवभूतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘उत्तररामचरिता’त त्याने सीतेच्या भूमिप्रवेशाऐवजी राम-सीतेचे पुनर्मीलन घडविले. परंतु तेथे कवीने कथेची जखम भरून काढली. ग्रीक नाटककार बहुधा ती पुन्हा उघडी करतात.

एका कथेचे तीन निवाडे : ह्या रीतीची कसोटी पाहण्याची संधी एकाच कथेने दिली आहे. ट्रोजन युद्धावर निघालेल्या ॲगमेम्नॉनने अनुकूल वाऱ्यासाठी आपली कन्या इफिजेनिया हिचा बळी दिला. दहा वर्षांनी तो विजयी होऊन परतताच राणी क्लायटम्नेस्ट्रा व तिचा प्रियकर ईजिस्थस ह्यांनी त्याला ठार केले. परागंदा झालेला पुत्र ऑरेस्टीझ मोठा होऊन परत आला आणि अपोलो देवाच्या आज्ञेने, बहीण इलेक्ट्राच्या साथीने, त्याने ईजिस्थसचा व जन्मदात्या मातेचा वध केला. ह्या मातृवधावर ईस्किलस, सॉफोक्लीझ व यूरिपिडीझ ह्या तिघांचीही नाटके उपलब्ध आहेत. तिन्ही कवींनी हाताळलेली आणि तिन्ही रूपांत टिकलेली अशी ही एकमेव कथा होय.

‘ओडिसी’ ह्या महाकाव्यात ऑरेस्टीझ हा निष्कलंक वीर आहे. ओडिस्यूसच्या पुत्राने, टेलेमकसने, त्याचा कित्ता गिरवावा, असा उपदेश तेथे वारंवार येतो. पित्याचा सूड म्हणून ईजिस्थसला मारल्याची स्तुती होते. मातेचे काय झाले, ह्यावरून मात्र कवी हलकेच पुढे सरकतो. ऑरेस्टीझने दोघांचे और्ध्वदेहिक भोजन घातले, एवढाच ओझरता उल्लेख सापडतो. महाकाव्याने जे झाकले, त्यावरच नाटककारांनी बोट ठेवले.

ईस्किलसची (इ. स. पू. सु. ५२५–४५६) ‘ऑरेस्टिया’ (४५८) ही पूर्ण स्वरूपात टिकलेली एकमेव नाट्यत्रयी. तिच्यातील दुसऱ्या नाटकात, ‘कोइफोरी’त, माता आपले वक्ष उघडे करून पुत्रापुढे उभी राहते, तेव्हा ऑरेस्टीझचा हात थबकतो व तो आपला सोबती पिलॅडीझ ह्याला विचारतो. नाटकभर मूक राहिलेला पिलॅडीझ तीन ओळी बोलतो, त्याला अपोलोच्या आज्ञेचे स्मरण करून देतो आणि पुन्हा गप्प होतो. जणू देवच बोलून गेला, असा ह्या अल्प भाषणाचा परिणाम आहे. ‘युमेनिडीझ’मध्ये मातेच्या रक्ताचा सूड मागणाऱ्या एरिनिस देवता ऑरेस्टीझचा पाठलाग करीत अथेन्सला येतात आणि अथीना देवी त्याच्या न्यायासाठी एरिओपॅगस हे न्यायालय स्थापन करते. ह्या न्यायमंडळाचे राजकीय अधिकार एफिॲल्टीझच्या सुधारणांनी इ. स. पू. ४६२–६१ मध्ये, म्हणजे प्रयोगाच्या अवघी तीन-चार वर्षे आधी, काढून घेण्यात आले होते व मनुष्यवधाचे खटले तेवढे त्याच्याकडे उरले होते. कथेतील निवाडा प्रेक्षकांच्या ताज्या राजकारणास असा येऊन भिडतो.

हा निवाडा पटणारा आहे काय? माता ही जननी नव्हे, ती केवळ पित्याच्या बीजाचे धारण-पोषण करते, हा अपोलोचा युक्तिवाद तत्कालीन प्रेक्षकांनाही तकलादू वाटला असण्याचा संभव आहे. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो तो समान मतांच्या नियमामुळे. आपण मातेविना जन्मलो म्हणून पित्याच्या पक्षाला मत देतो, असे अथीना सांगते. ऑरेस्टीझचे कृत्य न्याय्य होते, हे नाटकात सिद्ध होतच नाही. सुडाची साखळी तुटते ती न्यायालय नावाच्या एका पद्धतीमुळे, आणि नंतर अथीनाने एरिनिस देवतांची केलेली दीर्घ मनधरणी फळाला येते म्हणून. ही ईस्किलसची थोर कल्पना आहे. परंतु तिची किंमतही त्याच नाटकात दिसते. पहिल्या नाटकाच्या वृंदगानात जिचा बळी इतक्या कारुण्याने वर्णिला आहे, त्या इफिजेनियाचे नावदेखील ह्या खटल्यात निघत नाही. क्लायटम्नेस्ट्राची बाजू मांडणाऱ्या देवतांना सन्मानाने भूमीखाली वास्तव्य दिले जाते. तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही. त्रयीच्या अखेरच्या प्रकाशोत्सवाने भारावलेल्या समीक्षकांनी ह्या मौनाकडे फार काळ दुर्लक्ष केले.

सॉफोक्लीझने (सु. ४९६–४०६) न्यायालय व एरिनिस ह्या दोहोंनाही रजा दिली. त्याच्या ‘इलेक्ट्रा’चा केंद्रबिंदू वध हा नसून वधाची वर्षानुवर्षे वाट पाहणारी स्त्री हा आहे. ऑरेस्टीझ रथाच्या शर्यतीत मरण पावला, अशी खोटी वार्ता वृद्ध सेवक रसभरित वर्णन करून सांगतो. इलेक्ट्रा भावाच्या अस्थींचा म्हणून दिलेला कलश हाती घेऊन विलाप करते आणि तो जिवंत भाऊ समोर उभा राहून ते ऐकत असतो. कलश रिकामा आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक आहे. दुःख मात्र खोटे नाही. ग्रीक रंगभूमीवर ह्या प्रसंगाला तोड नाही. पण त्यानंतर आतून मातेची किंकाळी येते, तेव्हा हीच इलेक्ट्रा दाराबाहेरून दुसरा घाव घालण्यास ओरडून सांगते. प्रेमाने व द्वेषाने एकाच व्यक्तीला कसे घडविले, हे सॉफोक्लीझ दाखवितो व थांबतो. नाटक संपते तेव्हा ईजिस्थसला मरणासाठी आत नेले जात असते. कवीने ह्या सुडाला संमती दिली, असे काही समीक्षक मानतात. इतरांना त्या अपुऱ्या शेवटातच भीषण उपरोध जाणवतो. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण निव्वळ विजयोत्सवच अभिप्रेत असता, तर कवीने इलेक्ट्राच्या तोंडी ती आरोळी घातली नसती.

यूरिपिडीझ (सु. ४८०–४०६) कथेला राजवाड्यातून बाहेर काढून एका शेतकऱ्याच्या झोपडीसमोर आणतो. इलेक्ट्राचा विवाह ह्या गरीब पण सुशील शेतकऱ्याशी लावून दिला आहे. त्याने तिला स्पर्शही केलेला नाही. ती डोक्यावर घागर घेऊन प्रवेश करते. ईस्किलसने भाऊ-बहिणीची ओळख थडग्यावरील केसांची बट, पावलांचे ठसे व विणलेले वस्त्र ह्यांवरून पटविली होती. यूरिपिडीझची इलेक्ट्रा ह्या तिन्ही खुणा एकेक करून हसण्यावारी नेते: भावाचे पाऊल बहिणीएवढे कसे असेल आणि लहानपणीचे वस्त्र अजून त्याच्या अंगावर कसे असेल? अखेर ओळख पटते ती भुवईजवळच्या, लहानपणी पडून झालेल्या जखमेच्या व्रणावरून. हा विनोद केवळ पूर्वसूरीची थट्टा नाही. कथेतील उदात्तता अशी एकेक काढून घेतली, की उरलेले कृत्य कसे दिसते, हे कवीला पाहावयाचे आहे. ईजिस्थस येथे यज्ञप्रसंगी अनोळखी पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा यजमान असून बळीच्या आतड्यांची पाहणी करण्यास तो वाकला असता त्याच्यावर मागून घाव घातला जातो. क्लायटम्नेस्ट्रा वयाने व पश्चात्तापाने मवाळ झाली आहे. मुलीला मूल झाले, ह्या खोट्या निरोपावर ती दहाव्या दिवसाचा विधी करण्यासाठी झोपडीत शिरते आणि मारली जाते. वध होताच दोन्ही भावंडे कोसळतात. शेवटी आकाशात प्रकटलेले कॅस्टर व पोलक्स हे देव सांगतात, की तिला मिळालेली शिक्षा न्याय्य होती, पण तुमचे कृत्य न्याय्य नव्हते आणि अपोलोची आज्ञा शहाणपणाची नव्हती. देवाने देवाविरुद्ध दिलेला हा निर्णय ग्रीक नाटकातही धक्कादायक आहे. सॉफोक्लीझचे व यूरिपिडीझचे ही नाटके इ. स. पू. ४२० ते ४१० ह्या सुमारास लिहिली गेली असावीत. त्यांतील आधीचे कोणते, हे निश्चित नाही.

तिन्ही नाटकांतील वृंदही पाहण्याजोगे आहेत. ईस्किलसचा वृंद राजवाड्यातील दासींचा असून सुडाला तोच चिथावणी देतो; सॉफोक्लीझच्या नाटकातील नगरस्त्रिया इलेक्ट्राला संयम शिकवितात; यूरिपिडीझच्या ग्रामकन्या हीरा देवीच्या उत्सवाला निघालेल्या असतात व तिलाही चलण्याचा आग्रह करतात. नसते कपडे व दागिने आपण उसने देऊ, असेही त्या सांगतात. जगाचे नित्य व्यवहार चालू असताना हा वध घडतो, हे त्या साध्या निमंत्रणातून सूचित होते.

स्त्रिया, दास व नगर : क्लायटम्नेस्ट्रा, अँटिगनी, मीडिया, हेक्युबा अशा स्त्रियांना ह्या नाटकांत जे वक्तृत्व मिळाले, ते अथेन्समधील प्रत्यक्ष स्त्रियांना सभेत वा न्यायालयात कधीच मिळाले नाही. त्या भूमिका पुरुष करीत व मुख्यतः पुरुषच पाहत. स्त्रिया प्रेक्षकांत असत की नाही, हेही वादग्रस्त आहे. म्हणून ह्या नाटकांना स्त्रीमुक्तीचे वाङ्मय समजणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि विवाह म्हणजे हुंडा देऊन धनी विकत घेणे होय, हे मीडियाचे भाषण (४३१) नागरिकांनी मुकाट्याने ऐकले, ही वस्तुस्थितीही उरतेच. त्या वर्षी यूरिपिडीझला तिसरे, म्हणजे शेवटचे स्थान मिळाले. इ. स. पू. ४१६–१५ च्या हिवाळ्यात अथेन्सने मीलॉस बेट जिंकून तेथील प्रौढ पुरुषांना ठार केले व स्त्रिया-मुलांना गुलाम केले. पुढच्याच वसंतात त्याचे ‘ट्रोजन स्त्रिया’ हे नाटक रंगभूमीवर आले. कवीने मीलॉस डोळ्यांसमोर ठेवूनच ते रचले, असे सिद्ध करता येत नाही. पण वाटणीत आलेल्या बायकांच्या तोंडची ती गाणी ऐकताना प्रेक्षकांना मीलॉस आठवले नसेल, हे संभवनीय वाटत नाही.

ॲरिस्टॉटलची मीमांसा : इ. स. पू. चौथ्या शतकातील ‘काव्यशास्त्र’ हा शोकात्मिकेवरील पहिला पद्धतशीर व अद्यापि सर्वांत प्रभावी ग्रंथ. कथानकाची एकसंधता, स्थितिविपर्यय, अभिज्ञान आणि करुणा व भीती ह्यांच्याद्वारे होणारे विरेचन ह्या संकल्पना त्याने दिल्या. ‘हामार्तिया’ ह्या संज्ञेचा त्याला अभिप्रेत अर्थ चूक, प्रमाद असा असताना पुढे तिचे रूपांतर नायकाच्या स्वभावदोषात झाले आणि प्रत्येक नायकात एक दोष शोधण्याचा शालेय परिपाठ पडला. ॲरिस्टॉटलच्या विवेचनात देवतांना, वृंदाला व नगराला फारच थोडी जागा आहे. त्याच्या काळी जुनी नाटके पुनःप्रयोगांत व ग्रंथरूपात भेटत होती आणि पूर्वीचे राजकीय वातावरण ओसरले होते, हे त्याचे एक कारण असावे. मराठीत विंदा करंदीकरांनी ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) हा अनुवाद सिद्ध केला. पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘राजा ओयदिपौस’ हे सॉफोक्लीझच्या नाटकाचे मराठी रूप प्रसिद्ध आहे. मराठी समीक्षेत शोकात्मिकेची चर्चा बरीचशी शेक्सपिअरच्या अनुषंगाने झाली. त्यामुळे एकाकी नायक व त्याचा अधःपात हा साचा ग्रीक नाटकांवरही लादला गेला. ‘ट्रोजन स्त्रिया’ किंवा ‘युमेनिडीझ’ त्यात बसत नाहीत.

उत्तरकाल व संहिता : सॉफोक्लीझ व यूरिपिडीझ दोघेही इ. स. पू. ४०६ मध्ये निवर्तले. दोन वर्षांनी पेलोपनीशियन युद्धात अथेन्सने शरणागती पत्करली. विजयी पक्षातील काहींनी शहर जमीनदोस्त करण्याचा आग्रह धरला असता, मेजवानीत फोसिसच्या एका माणसाने यूरिपिडीझच्या ‘इलेक्ट्रा’तील पहिले वृंदगान म्हटले व ते ऐकून सर्वांची मने द्रवली, अशी हकिकत प्लूटार्क देतो. तो सु. पाचशे वर्षांनंतरचा लेखक असल्याने ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तिन्ही कवींच्या अधिकृत प्रती अथेन्समध्ये लायकर्गस ह्या मुत्सद्द्याने चौथ्या शतकात करवून घेतल्या. पुढे अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी त्यांचे संपादन केले. नंतरच्या शतकांत अध्यापनासाठी निवडलेली मोजकी नाटके तेवढी उरली व बाकीची नष्ट झाली. सॉफोक्लीझने सु. १२० नाटके लिहिली होती. त्यांपैकी सात शिल्लक आहेत.

यूरिपिडीझची ‘इलेक्ट्रा’ ह्या शालेय निवडीत नव्हती. वर्णानुक्रमाने लावलेल्या त्याच्या समग्र नाटकांचा एक तुकडा योगायोगाने बचावला. ‘हेलन’, ‘आयॉन’ इ. नाटकांबरोबर तीही त्यात होती. ह्या नाटकांची चौदाव्या शतकाच्या आरंभीची प्रत फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. १५०३ साली व्हेनिस येथे छापलेल्या यूरिपिडीझच्या नाट्यसंग्रहात ‘इलेक्ट्रा’चा समावेश झाला नाही, ती प्रथम १५४५ मध्ये रोम येथे मुद्रित झाली.